पिठाचा कोंबडा आणि पडद्यावरचं रक्त



मागच्या वेळी कडधान्याला कीड लागू नये म्हणून काय करावं ते लिहिलं होतं. आज स्वयंपाकघर बाजूला ठेवते आणि एक कबुली देते. मला रहस्यकथा आवडतात आणि मारधाडीचे सिनेमेही आवडतात. रोज सामायिकाला बसणाऱ्या बाईला हे शोभतं का, असं तुमच्यातलं कोणीतरी म्हणणारच. मीही स्वतःला तेच विचारते आहे.

सुरुवात झाली ती आमच्या बीबीत, बाबांच्या किराणा दुकानात. मेहकर-सिंदखेडराजा रस्त्यावरचं आमचं गाव, बाजाराच्या दिवशी दुकानात पाय ठेवायला जागा नसायची. तेव्हा सामान रद्दीच्या कागदात बांधून द्यायचो. त्या रद्दीत जुनी वर्तमानपत्रं, शाळेच्या वह्या आणि मधूनच बाबूराव अर्नाळकर नाहीतर गुरुनाथ नाईक निघायचे. झुंजार, काळापहाड, धनंजय आणि छोटू या सगळ्यांना मी पुड्या बांधता बांधताच भेटले. शेवटची पानं मात्र नेमकी कुणाच्यातरी जिऱ्या-मोहरीबरोबर गेलेली असायची. खुनी कोण ते न कळताच झोपायचं आणि अंथरुणात पडल्या पडल्या शेवट स्वतःच रचायचा. अर्नाळकरांचं खरं नाव चंद्रकांत सखाराम चव्हाण आणि त्यांनी हजारावर रहस्यकथा लिहिल्या, हे फार पुढे कळलं. भाषा सोपी, वाक्यं छोटी, गोष्ट पळती. वाचनाची गोडी मला त्यांनी लावली, हे कबूल करायला मला लाज वाटत नाही. कॉलेजात सुहास शिरवळकर हाती लागले. त्यांचा बॅरिस्टर अमर विश्वास कोर्टात उभा राहिला की माझा चहा गार व्हायचा.

मग एका दशलक्षण पर्वात माताजींच्या प्रवचनात अनर्थदंडाचे पाच प्रकार ऐकले. रत्नकरंड श्रावकाचारात समंतभद्र आचार्यांनी ते दिले आहेत: पापोपदेश, हिंसादान, अपध्यान, दुःश्रुती आणि प्रमादचर्या. दुःश्रुती म्हणजे मन मलीन करणारं ऐकणं-वाचणं. मन मलीन करणाऱ्या गोष्टींत राग-द्वेषाबरोबर ‘साहस’ही मोजलं आहे, हे ऐकून मी मान खाली घातली. माझा अख्खा छंदच त्या एका शब्दात बसत होता! तरी मनात पळवाट काढलीच. म्हटलं, पडद्यावरचं रक्त खोटं, मरणारा संध्याकाळी घरी जाऊन जेवतो, मग पाप कुठलं?

ही पळवाट गेल्या संक्रांतीच्या सुमारास बंद झाली. सकाळी तुरीच्या ओल्या शेंगा सोलताना एक अळी निघाली. नेहमीप्रमाणे ती अलगद कागदावर घेतली आणि परसात झाडापाशी सोडून आले. रात्री मुलांबरोबर मोबाइल टीव्हीला जोडून एक नवा मारधाडीचा सिनेमा बघत बसले. नायकाने कुऱ्हाड उचलली, एकामागून एक माणसं पडत गेली आणि मी चक्क टाळी वाजवली. लेक माझ्याकडे बघून हसली आणि म्हणाली, “आई, सकाळी अळीसाठी चप्पल घालून परसात गेलीस, आणि आत्ता किती माणसं मेली ते तरी मोजलंस का?”

ती चेष्टेत बोलली, पण मला रात्रभर झोप नाही. राहून राहून यशोधर राजाची गोष्ट आठवत होती. दुःस्वप्नाचं निवारण व्हावं म्हणून आईने त्याला बळी द्यायला सांगितलं. जिवंत प्राणी मारायला तो तयार होईना, तेव्हा मधला मार्ग म्हणून पिठाचा कोंबडा केला आणि तो कापला. कोंबडा पिठाचाच होता, पण मारण्याचा संकल्प खरा होता. मायलेकांना त्यापायी मोर, कुत्रा अशा किती योनी फिराव्या लागल्या! लहानपणी मला हा हिशेब फार कडक वाटायचा. त्या रात्री पहिल्यांदा समजला. पडद्यावरची कुऱ्हाड पिठाचीच होती, पण माझी टाळी खरी होती. कृत नाही, कारित नाही, पण अनुमोदना तर झालीच. शास्त्रात रौद्रध्यानाच्या प्रकारांत ‘हिंसानंद’ आहे, त्यातला आनंद हाच.

आणि गंमत बघा, यशोधराच्या गोष्टीत तरी काय कमी आहे? बाहेरख्याली राणी आहे, विषप्रयोग आहे, शेवटी वधस्थानी आणलेली दोन कोवळी मुलंही आहेत. शिरवळकरांनाही हेवा वाटावा असं कथानक! फरक इतकाच, की आपली कथा मेलेल्या जिवाला सोडून देत नाही, जन्मोजन्मी त्याच्या मागे जाते. सिनेमात मात्र पन्नास गुंड पडतात, त्यांची आई-बायको कुणी दाखवत नाही.

‘शोले’चा शेवट तुम्हाला ठाऊक असेल. मूळ चित्रीकरणात ठाकूर खिळ्यांच्या बुटांनी गब्बरला मारतो. 1975 साली, आणीबाणीच्या काळात, सेन्सॉरने तो बदलायला लावला आणि पोलीस मध्ये पडतात असं दाखवलं. दिग्दर्शकाला ते आवडलं नव्हतं. माझं मत विचाराल तर मला तो थांबलेला पायच जास्त लक्षात राहिला.

आता म्हणाल, रक्त नसलेलं बघ. बघितलं. निशिकांत कामतांचा 2015 चा ‘दृश्यम’ माझा फार आवडता. गोव्यातला, चौथीपर्यंत शिकलेला केबलवाला विजय साळगावकर आपल्या कुटुंबासाठी खोट्याची भिंत उभी करतो. दर वेळी त्याचं खोटं टिकलं की मी सुटकेचा श्वास सोडते. हा मृषानंदच की! पण त्या सिनेमाच्या शेवटी मेलेल्या मुलाचे आई-वडील विजयसमोर उभे राहतात आणि तो आडवळणाने का होईना, कबुली देतो, क्षमा मागतो. तिथे मला दर वेळी क्षमावाणीचा दिवस आठवतो आणि डोळे भरतात. दोन्ही बाजूंना आईच होती, हे तो सिनेमा विसरू देत नाही.

तेव्हा सगळं सोडलं, असं खोटं सांगणार नाही. नियम एवढाच केला आहे: पर्वाच्या दिवसांत काहीच नाही. एरवी डोकं चालवायला लावणारं रहस्य चालेल, मारण्याची मजा दाखवणारं नाही. आणि बघताना टाळीसाठी हात वर आला, की उठून बंद करायचं. परवा एकदा उठले. मुलं वैतागली. लेक मात्र न बोलता रिमोट घेऊन आली.

तुमच्या घरी काय करता, नक्की कळवा. आणि लिहिताना काही चुकलं असेल तर उत्तम क्षमा.