आलेल्यांचं गाव

अंबाजोगाईचा इतिहास मी ऐकत आलो तो ठरलेल्या क्रमानं: आद्यकवी मुकुंदराज, मग दासोपंत, मग एकदम मेडिकल कॉलेज. मधल्या शतकांत इथं कुणी राहतच नव्हतं जणू. मुकुंदराजांच्या समाधीपासून हत्तीखान्याच्या लेण्यांपर्यंत हे गाव पाहत आणि त्याच्याविषयी वाचत गेलो, तसं माझं एक मत पक्कं झालं. हे गाव बाहेरून आलेल्यांनी घडवलं. खुद्द योगेश्वरीही, दंतकथेप्रमाणे, कोकणातून परळीच्या वैजनाथाशी लग्नाला निघालेली. मुहूर्त टळला आणि ती इथंच राहिली. दंतकथा म्हणजे पुरावा नव्हे, कबूल. पण ग्रामदेवतेलाच परगावची म्हणणारी गावं थोडीच असतात.

पुरावा हवा तर खोलेश्वराच्या देवळातला शिलालेख आहे. यादवराजा सिंघणाचा हा सेनापती मूळचा विदर्भातला. त्याचा मुलगा राम गुजरातच्या स्वारीत नर्मदाकाठी पडला, तेव्हा बहीण लक्ष्मीनं भावाच्या स्मरणार्थ १२४० साली इथं देऊळ बांधलं. राजांच्या जयघोषांनी भरलेल्या त्या काळच्या लेखांत बहिणीनं भावासाठी बांधलेलं हे देऊळ मला फार जवळचं वाटतं. दासोपंतांचे (१५५१–१६१५) वडील नारायणपेठेकडचे, बीदरच्या बरीदशाहीचे चाकर. मुलानं मात्र अंबाजोगाई धरली आणि सुमारे ४० फूट लांब पासोडीवर, जाडजूड कापडावर, ‘पंचीकरण’ हा वेदान्तावरचा ग्रंथ लिहून काढला. पुढं निजामाचं घोडदळ इथल्या छावणीत राहिलं. स्वामी रामानंद तीर्थही गुलबर्ग्याकडचे. हिप्परग्याहून इथल्या शाळेत आले आणि हैदराबादच्या मुक्तिलढ्यात उतरले.

यावर कुणी म्हणेल, मुकुंदराज तरी इथलेच ना? तिथंही वाद आहे. त्यांचा ‘विवेकसिंधु’ हा ग्रंथ शके १११० चा, म्हणजे ११८८ चा, असं परंपरा सांगते. पण ते कुठले हे ठरत नाही; वैनगंगेकाठचं आंभोरा त्यांच्यावर तितक्याच हक्कानं दावा सांगतं. मग गावानं स्वतः काय केलं? सांभाळलं, असं माझं उत्तर. कापड कुजतं, त्याला कसर लागते. चारशे वर्षं पासोडी टिकते ती कुणीतरी पिढ्यान्‌पिढ्या घडी मोडून पुन्हा घातली म्हणून. याला इतिहास न म्हणणं मला पटत नाही. दुसरा आक्षेप जास्त तिखट: छावणी परक्या सत्तेची, तिला या यादीत कशाला बसवता? पण खोलेश्वरही फौज घेऊनच आला होता. त्याच्या देवळाला आपण हात जोडतो आणि गावाचं निजामाच्या काळातलं मोमिनाबाद हे नाव मात्र तोंडातून निघू देत नाही. रामानंद तीर्थ ज्या गावात शिकवायला आले, त्याचं तेव्हाचं नाव मोमिनाबादच होतं.