मामांचा पाय

माणसाचा पाय गेला की घरी येणाऱ्यांची रीघ लागते. माझ्या मामांचा डावा पाय गुडघ्याखालून कापला, तेव्हा ती आमच्याही दारी लागली. कुणी केळी आणली, कुणी बिस्किटांचे पुडे. 'हिंमत ठेवा' हे वाक्य त्या पंधरवड्यात मी किती वेळा ऐकले असेल, देव जाणे. चारदोन जणांनी तरी सुधा चंद्रन यांचे नाव घेतले. १९८१ साली अपघातानंतर त्यांचा पाय कापावा लागला, पुढे त्या कृत्रिम पायावर भरतनाट्यम नाचल्या, सिनेमातही चमकल्या. उदाहरण मोठेच आहे. पण एके दिवशी पाहुणे उठून गेल्यावर मामा आईला म्हणाले, "बाई, मले नाचाचं नाही. मले संडासले जाचं हाय."

मामांना साखरेचा आजार. वावरात तुरीचा खुंट पायात घुसला, तो त्यांना कळलाच नाही. कारण साखरेने पायाची जाणीव आधीच गेली होती. जखम चिघळली, बोटे काळी पडली, आणि उरलेला जीव वाचवायचा तर पाय काढावा लागेल असे डॉक्टरांनी सांगितले. दवाखान्याच्या कार्डावरचे इंग्रजी वाचणारी घरात मी एकटीच. जखम, टाके, गोळ्या, पुढची तारीख हे सारे त्यावर होते. कुबडी घेऊन उंबरा कसा ओलांडावा, हे नव्हते.

काही महिन्यांनी एका शिबिरात मामांना जयपूर पाय मिळाला. हा पाय १९६८ साली जयपूरला रामचंद्र शर्मा नावाच्या कारागिराने आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी सिद्ध केला. आपल्याकडचा माणूस उकिडवा बसतो, मांडी घालून जेवतो, अनवाणी चिखलात उतरतो, हे ध्यानात घेऊन तो घडवला आहे. १९७५ पासून भगवान महावीर विकलांग सहायता समिती तो मोफत देते. मापे घेतली, पाय चढवला, चार पावले चालवून पाहिले आणि मामा परत आले. दुसऱ्या दिवशी थोटकाला फोड आला. पाय जुन्या लुगड्यात गुंडाळून लोखंडी कपाटावर गेला आणि चार महिने तेथेच राहिला. असे किती पाय किती घरांच्या माळ्यांवर पडले असतील, असा विचार तेव्हा माझ्या मनात येई. पाय मिळाला होता, चालणे मिळाले नव्हते.

आणि मग एका संध्याकाळी मिस्त्री आले. स्टेशनकडच्या रस्त्यावर त्यांचे सायकल दुरुस्तीचे दुकान आहे. माझ्या वडिलांची सायकल वीस वर्षे त्यांच्याच हातून जाते. त्यांचे नाव येथे लिहीत नाही. त्यांना ते रुचणार नाही. बाजेच्या कडेला बसून त्यांनी पँट वर सारली. आम्ही सारे पाहतच राहिलो. त्यांचा उजवा पाय मांडीपर्यंत प्लॅस्टिकचा होता! तरुणपणी रूळ ओलांडताना गाडीखाली गेलेला. एवढ्या वर्षांत आम्हाला कुणाला पत्ता नव्हता.

मिस्त्रींनी हिंमतीचा शब्दही काढला नाही. त्यांनी आधी मामांच्या गुडघ्याखालची उशी काढून घेतली. "ही कोनं ठेवली? अशानं गुडघा वाकडाच राह्यते, मंग पाय बसतच नाही." मामीने ती मायेने ठेवली होती. नंतर मोज्यांचा हिशेब निघाला. थोटूक सकाळी फुगलेले असते, दिवसभरात उतरते. मग पाय सैल होतो, घासतो आणि फोड येतो. म्हणून दुपारी एक मोजा वाढवायचा, जवळ नेहमी दोन मोजे ठेवायचे. थोटूक रात्री धुवायचे, सकाळी नाही. ओल्या कातडीवर पाय चढवला की कातडी सोलते. दुसऱ्या पायाचा तळवा रोज आरसा धरून पाहायचा, कारण साखरेवाल्याचा तोही जाऊ शकतो. फोड आणि गुडघा मात्र डॉक्टरला दाखवा, ते माझे काम नाही, हेही त्यांनी बजावले.

उठता उठता त्यांनी हळूच विचारले, "भाऊ, गेलेल्या पायाची बोटं खाजवते का?"

मामा गप्प झाले. मग त्यांचे डोळे भरून आले. चार महिने रात्री ती बोटे खाजत होती, मुरगळत होती, आणि आपले डोके फिरले की काय या भीतीने त्यांनी मामीलाही ते सांगितले नव्हते. मिस्त्री म्हणाले, "माही तं आजबी खाजवते. पावसाळ्यात जास्त."

पुढे कॉलेजच्या ग्रंथालयात मी याविषयी शोधले. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या जखमींवर उपचार करणारे डॉ. वेअर मिचेल यांनी १८७१ साली या भासाला नाव दिले. १९९० नंतर आपल्या व्ही. एस. रामचंद्रन यांनी आरशाची युक्ती काढली: धड अवयवाचे प्रतिबिंब गेलेल्या अवयवाच्या जागी दिसेल असा आरसा धरायचा आणि तो हलवायचा. काहींच्या वेदना त्याने कमी होतात. मामांना मी हे समजावून सांगितले. त्यांनी कौतुकाने ऐकले. पण त्यांचा धीर त्या संध्याकाळीच परत आला होता, पुस्तकाने नव्हे.

पाय गेलेल्याने पाय गेलेल्याकडे जावे, ही गोष्ट जगाने मुख्यतः युद्धांतून शिकलेली दिसते. पहिल्या महायुद्धात हातपाय गमावलेल्या कॅनडाच्या सैनिकांनी १९१८ साली आपली संघटना बांधली. दुसऱ्या महायुद्धातले जखमी परतू लागले तेव्हा हेच जुने सैनिक त्यांच्या मदतीला गेले. अमेरिकेत १९८६ पासून अशा लोकांची एक मोठी संस्था आहे. ती भेटीला जाणाऱ्यांना आधी शिकवते आणि वय, लिंग, कोणता अवयव गेला हे पाहून जोडी जुळवते. आपल्या लष्कराने पुण्याचे कृत्रिम अवयव केंद्र १९४४ साली उघडले. कारगिलच्या लढाईत जखमी होऊन पाय गमावलेले मेजर देवेंद्र पाल सिंग यांनी २०११ साली 'द चॅलेंजिंग वन्स' हा अशा लोकांचा गट सुरू केला. आमचे पुलगावही लष्कराच्या दारूगोळा भांडाराचे गाव. २०१६ ची आग आणि २०१८ चा स्फोट आम्ही पाहिला आहे. दोन्ही वेळी मृतांचा आकडा छापून आला. जखमी पुढे कसे जगले, ते कुणी छापत नाही.

खरे तर आमच्या मुलखाला हे नवे नसावे. वर्ध्याजवळ दत्तपूरला मनोहरजी दिवाणांनी १९३६ साली कुष्ठधाम सुरू केले. आमच्याच जिल्ह्यात हिंगणघाटला जन्मलेल्या बाबा आमट्यांनी १९४९ साली वरोऱ्याजवळ आनंदवन उभारायला घेतले, तेव्हा हाताशी सहा कुष्ठरोगी, एक लंगडी गाय आणि चौदा रुपये होते, असे सांगतात. बोटे झडलेल्या माणसांनीच तेथे विहीर खणली. आजार वेगळा, हे मान्य. पण झडलेल्या बोटांनी कुदळ कशी धरावी, हे धडधाकट माणूस काय शिकवणार?

आता मामा चालतात. उताराला आडवे होऊन उतरतात, मिस्त्रींसारखेच. बाजाराच्या दिवशी दुकानामागच्या ओट्यावर चारपाच जण जमतात. तेथे मोज्यांवर, दिव्यांग प्रमाणपत्राच्या तारखांवर बोलणे होते, थट्टाही पुष्कळ होते. एकाच मापाचा तळपाय असलेले दोघे चपलेचा एक जोड वाटून घेतात, कारण एकाला डावी लागते आणि दुसऱ्याला उजवी. हे सारे पुरुष आहेत.

ते माझ्या लक्षात आले दिवाळीनंतर. देवळी तालुक्यातल्या एका गावी बावीस वर्षांच्या सुनेचा उजवा हात सोयाबीनच्या मळणीत यंत्राने नेला. मळणी यंत्रात मजुरांचे हात जाऊ लागले म्हणूनच केंद्राने १९८३ साली धोकादायक यंत्रांचा कायदा केला. तरी हात जातातच. मिस्त्रींना एकट्याने तिच्या घरी जाणे बरे वाटेना, म्हणून त्यांनी मला सोबत नेले. ती दाराआड बसली होती. मिस्त्री अंगणातून बोलत होते आणि सासूच उत्तरे देत होती. मी आत जाऊन जवळ बसले. बराच वेळ तिने माझ्याकडे पाहिले नाही. मग माझ्या वेणीकडे बघत म्हणाली, "एका हातानं वेनी कशी घालते, सांग बरं."

मला सांगता आले नाही. बाहेर मिस्त्रींनाही येईना. त्यांचे सगळे ज्ञान पायाचे. साडीच्या निऱ्या, पोळी लाटणे, लेकरू कडेवर घेणे, एकेक प्रश्न ती विचारत गेली. सासू म्हणाली, "मी हावो ना घालून द्याले." सुनेने मान फिरवली.

परतताना मिस्त्री एवढेच म्हणाले, "बाईच पाह्यजे." तेव्हापासून आम्ही शोधत आहोत. दवाखान्यात विचारले. रोग्याचे नाव आम्ही देऊ शकत नाही, असे तेथे सांगितले, आणि ते योग्यच आहे. मात्र 'तुमचे नाव देऊ का' असे रोग्याला विचारायला काय हरकत आहे, ते मला अजून कळलेले नाही. मामांनी बाजारात येणाऱ्या प्रत्येकाकडे चौकशी केली. अखेर वर्धा नदीपलीकडे, धामणगावकडच्या एका खेड्यात अशी बाई असल्याचे कळले. कडबा कापताना तिचा हात जाऊन बारा वर्षे झाली. ती वावर करते, स्वयंपाक करते, वेणीही घालते. मामांनी एसटीच्या कंडक्टरबरोबर तिला निरोप धाडला. परवा तिचे उत्तर आले: "चना सोंगून होऊ द्या. मंग येतो."