डोंगराचं लोखंड

विशाळगड, पन्हाळा, भुदरगड या पट्ट्यातली तांबडी माती पायाला लागली, की मला लोखंड आठवतं. सह्याद्रीच्या या कुशीत एकेकाळी डोंगरातला दगड आणि रानातला कोळसा एका भट्टीत पडे आणि त्यातून लोखंड निघे. पुढे विलायतेचं लोखंड आलं. समुद्र ओलांडून, घाट चढून आलेला तो माल इथल्यापेक्षा स्वस्त पडू लागला आणि डोंगरातल्या भट्ट्या थंडावल्या. 1891 साली मिरजेहून कोल्हापूरला रेल्वे आली. मग तर परकं लोखंड थेट दारात उतरू लागलं.

गावचा लोहार मात्र टिकला. फाळ बोथटला, विळ्याची धार गेली, तर ते नीट करायला आगबोट येणार नव्हती. पेरणीच्या तोंडावर कुणबी फाळ शेवटून न्यायला लोहारसाळेत यायचा आणि सुगीत खळ्यावर रास पडली, की बलुतं मापून द्यायचा. भात्याशी बायको, घणाशी पोरगा, सांडशी धरून स्वतः लोहार. अख्खं घर ऐरणीभोवती राबे.

बैलगाडीच्या लाकडी चाकाला लोखंडी धाव चढवताना या कामाची खरी कसोटी लागे. धाव चाकापेक्षा किंचित आखूडच ठेवायची. शेणींच्या गोल जाळात ती लाल होऊन फुगली, की सांडशांनी उचलून चाकावर बसवायची. लाकूड धुमसू लागतं, धूर डोळ्यांत जातो. तेवढ्यात घागरी रित्या करायच्या. धाव आकसते आणि सगळे आरे करकचून आवळले जातात. किती आखूड ठेवायची आणि पाणी कधी ओतायचं, हे लोहाराची नजरच ठरवी.

पहिल्या महायुद्धात लोखंड मिळेनासं झालं, तेव्हा कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी संस्थानातल्या जुन्या तोफा नांगर बनवणाऱ्या लक्ष्मणराव किर्लोस्करांना दिल्या. त्या वितळवून नांगर झाले. तोफांचं लोखंड शेताच्या कामी आलं.

आज कोल्हापूरच्या उद्यमनगरात, शिरोलीत ओतकाम चालतं, यंत्रांचे भाग घडतात. कोल्हापूरला त्याचा अभिमान आहे, मलाही आहे. या उद्योगाचा इतिहास लिहिताना आपण कारखान्यापासून सुरुवात करतो. ती लोहारसाळेपासून व्हायला हवी आणि विलायती भावापुढे हरलेल्या डोंगरातल्या भट्टीवाल्यांचं पान त्याही आधी यायला हवं.