कळसूबाईच्या उंचीवर, एक पायरी न चढता

कळसूबाईचं शिखर १६४६ मीटर. अख्ख्या महाराष्ट्रात याहून उंच जागा नाही. बारी गावातून निघायचं, लोखंडी शिड्या धरत चढायचं, घामाघूम होऊन देवीच्या इवल्या देवळाशी टेकायचं, तेव्हा कुठे सगळा सह्याद्री पायाशी येतो. आणि स्वित्झर्लंडमधलं म्युरेन १६३८ मीटरवर आहे. गाव! लाकडी घरं, किराणा दुकान, खिडक्याखिडक्यांतून ओसंडणारी लालभडक फुलं, आणि रस्त्याने काठी टेकत गप्पा मारत चाललेल्या पंचाहत्तरीच्या आज्या. कळसूबाईच्या माथ्यापेक्षा फक्त आठ मीटर खाली! माझी आई त्या रस्त्यावर उभी होती, लुगड्यावर स्वेटर, डोक्याला स्कार्फ, पायात बूट. मी तिला हा आकडा सांगितला. तिने आधी स्वतःच्या पायांकडे पाहिलं, मग समोरच्या बर्फाकडे.

"मग आपण चढलो कधी?"

चढलोच नव्हतो. खाली श्टेखेलबर्गला एका काचेच्या खोलीत शिरलो. दार जमिनीच्या पातळीवर, उंबरा नाही, फट नाही. दार मिटलं आणि कडा खाली जायला लागला. हो, आपण वर जातोय असं वाटतच नाही, समोरचा तो प्रचंड काळा कडाच पाताळात उतरतोय असं वाटतं! ही केबलकार २०२४ च्या डिसेंबरात सुरू झाली आणि जगातली सर्वांत उभ्या चढाची म्हणून तिचा लौकिक आहे. चार मिनिटांत पावणेआठशे मीटर वर. आपला देवगिरीचा डोंगर साधारण दोनशे मीटरचा. तसे जवळजवळ चार देवगिरी एकावर एक. आणि आईने देवगिरी उभ्या आयुष्यात कधी पूर्ण पाहिला नाही. लग्नानंतर एकदा किल्ल्यातल्या अंधारी वाटेच्या तोंडापर्यंत गेली होती, तिथून परतली. वरची बारादरी तिला कायम खालूनच दिसली. आता ती त्या खोलीत कठडा धरून उभी आहे, कानांना दडे बसून पुन्हा ते मोकळे होतायत, आणि खालच्या दरीतली चर्चचा टोकदार मनोरा काडेपेटीतल्या काडीएवढा झाला आहे.

आम्ही मराठवाड्यातल्या शेंद्र्याचे. आमच्याकडे डोंगर म्हणजे क्षितिजावर दिसणारी निळसर रेघ. जालना रोडच्या दोन्ही बाजूंना सपाट काळी जमीन, मग एमआयडीसी, स्कोडाचा कारखाना, ऑरिकचे रुंद, सरळसोट रस्ते. चैत्रात मांगीरबाबाच्या यात्रेला लोक लोटतात तेव्हा ऊन असं असतं की डांबर चपलेला चिकटतं. थंड हवा हवी तर म्हैसमाळ. पावसाळ्यात गिरिजामातेच्या देवळाजवळ ढग खाली उतरतात, ते आमचं काश्मीर. त्यामुळे म्युरेनखालच्या लाउटरब्रुनेनच्या दरीत पहिल्यांदा उतरलो तेव्हा माझ्या वडिलांच्या, आप्पांच्या तोंडून शब्द फुटेना. दोन्ही बाजूंना सरळ कापलेले कडे, आणि त्यांवरून पाणी पडतंय. एक धबधबा नाही, दोन नाहीत. या दरीला बहात्तर धबधब्यांची दरी म्हणतात! श्टाउबबाखचा धबधबा जवळपास तीनशे मीटरवरून सुटतो आणि खाली पोचेपर्यंत त्याचं पाणी राहतच नाही, नुसता धूर होतो, वाऱ्याबरोबर पडद्यासारखा इकडून तिकडे हलतो. माळशेजला पावसात आपण असे धबधबे बघतो. पण ते आषाढ-श्रावणाचे पाहुणे. हे सप्टेंबरातही कोसळतायत, कारण वर बर्फ वितळतोय.

म्युरेन निवडलं ते आई-आप्पांच्या गुडघ्यांकडे बघून. वयस्कर माणसांना घेऊन डोंगरात जायचं तर रोज नवं शहर, रोज नवी बॅग भरणं, पहाटे पाचला बसचा भोंगा, हे नको. एक गाव धरायचं आणि तिथेच मुरायचं. महाबळेश्वरला आपण काय करतो? पॉइंट! सूर्योदयाचा पॉइंट, सूर्यास्ताचा पॉइंट, मधे आठ पॉइंट, प्रत्येक ठिकाणी आजोबा गाडीतच बसून राहतात आणि बाकीचे धावत जाऊन फोटो काढून येतात. म्युरेनला पॉइंट नाही, कारण अख्खं गावच कड्याच्या काठावर बसलं आहे. खोलीचा पडदा सारला की समोर तिघं उभे: आयगर ३९६७ मीटर, म्योन्ख चार हजारांच्या वर, युंगफ्राऊ ४१५८. मधे नुसती पोकळ दरी. सकाळी हे तिघं निळे असतात, दुपारी डोळे दिपतील असे पांढरे, आणि संध्याकाळी सूर्य आमच्या पाठीमागे बुडाला की त्यांच्या अंगावर आधी केशरी, मग गुलाबी, मग अबोलीच्या फुलाचा रंग चढत जातो. आप्पा गॅलरीत खुर्ची टाकून बसले ते उठेचनात. चहा तिथेच, जेवणही तिथेच. जेवायला रोश्टी: बटाटा किसून तव्यावर दाबून दोन्ही बाजूंनी खरपूस केलेला, थेट आपला एकादशीचा बटाट्याचा कीस! वर विरघळलेलं चीज. आईने जिरं-मिरचीची आठवण काढली, पण ताट स्वच्छ केलं.

गावात मोटार नाही. पेट्रोलचा वास नाही, हॉर्न नाही. सामान वाहायला छोट्या विजेच्या गाड्या आवाज न करता सरकतात. मला सारखं माथेरान आठवत होतं. माथेरानलाही मोटारी नाहीत, माथेरानलाही डोंगर चढणारी छोटी रेल्वे आहे, १९०७ सालची, आदमजी पीरभॉय कुटुंबाने बांधलेली. झाडं, लाल माती, दऱ्या, काय कमी आहे तिथे? पण दस्तुरी नाक्यावर उतरलेल्या म्हाताऱ्या माणसापुढे वर्षानुवर्षं बहुतेकदा हेच पर्याय असत: घोड्यावर चढा, नाहीतर माणसाने ओढलेल्या रिक्षात बसा. आप्पा एकदा त्या रिक्षात बसले होते आणि घाटात उतरून चालायला लागले होते. पुढचा माणूस धापा टाकतोय हे त्यांना पाहवेना. सर्वोच्च न्यायालयाने २०२५ च्या ऑगस्टमध्ये ती प्रथा थांबवून ई-रिक्षा आणायला सांगितलं, ते वाचून आप्पांना किती बरं वाटलं होतं! म्युरेनच्या रस्त्यावर उभं राहून ते म्हणाले, "हे असं व्हायला पाह्यजे तिथं." मलाही तेच वाटतं, अगदी मनापासून.

आणि बाकं! वळणावर बाक, झाडाखाली बाक, दरी दिसली की बाक, चढ जरा लांबला की बाक. लाकडी, पाठ टेकता येईल अशी, आणि बसल्यावर गुडघा कुरकुरणार नाही इतक्या उंचीची. आई एका बाकावरून पुढचा बाक हेरायची आणि तिथपर्यंत चालायची. घरी देवळापर्यंत जायला रिक्षा मागणारी माझी आई अशी अर्धं गाव चालली! पिवळ्या पाट्यांवर अंतर किलोमीटरमध्ये नाही, किती वेळ लागेल ते लिहिलेलं. या देशाने अपंगांच्या समान हक्काचा कायदा २००४ पासून लागू केला आणि रेल्वे, बस, केबलकार सगळ्यांना चढउतार सोपी करायला २०२३ च्या अखेरपर्यंत मुदत दिली. सगळीकडे ते काम पुरं झालेलं नाही. पण जिथे झालंय तिथे चाकाच्या खुर्चीतली एक बाई, शेजारी कुत्रं, मांडीवर पिशवी, कोणाची मदत न घेता गाडीत शिरते आणि खिडकीशी जाऊन बसते. कोणी तिच्याकडे वळून पाहत नाही. मी मात्र पाहतच राहिलो.

म्युरेनमध्ये थोडं मुरल्यावर, डॉक्टरांना आधीच विचारून ठेवलं होतं म्हणून, आम्ही युंगफ्राऊयोखला गेलो. ३४५४ मीटर! दोन कळसूबाई, वर आणखी दीडशेहून जास्त मीटर. आणि तिथे रेल्वे जाते! आडोल्फ गुयर-झेलर नावाच्या एका उद्योगपतीच्या डोक्यात १८९३ साली याच म्युरेनच्या परिसरात फिरताना ही कल्पना आली. १८९६ ला डोंगर फोडायला सुरुवात, १८९९ ला तो वारला, आणि १ ऑगस्ट १९१२ ला गाडी वर पोचली. सात किलोमीटरहून लांब बोगदा, आयगर आणि म्योन्खच्या पोटातून. आपल्या बोरघाटातले बोगदे आठवा, भोंगा, काळोख, लगेच उजेड. इथे काळोख संपतच नाही, गाडी दात्यांच्या रुळावर कटकट करत चढतेच आहे, चढतेच आहे. मधे ती एका जागी थांबते. आइसमेअर. कातळात खिडक्या कोरलेल्या. आप्पा काचेला नाक लावतात. बाहेर निळ्या भेगा पडलेला बर्फ, घराएवढे तुकडे एकमेकांवर कलंडलेले. मागे काळा डोंगर, पुढे हे. "आरं, आपुन डोंगराच्या पोटात बसून बाहीर पाहू लागलो!" वेरूळला कैलास लेणं कोरणाऱ्यांच्या मुलखातला माणूस हे बोलत होता, तेव्हा त्याला कातळ फोडण्याची किंमत नेमकी कळलेली होती.

वर हवा विरळ. समुद्रकाठच्या मानाने ऑक्सिजन दोन तृतीयांशच्या आसपास. तिथे घाई करायची नाही, चार पावलं आणि एक थांबा. मग एक लिफ्ट शंभर मीटरहून अधिक उंच उचलते आणि दार उघडतं ते थेट आभाळात. पांढरं. नुसतं पांढरं! आलेच हिमनदी, आल्प्समधली सर्वांत मोठी, सुमारे वीस किलोमीटर लांब, दोन डोंगरांच्या मधून वळण घेत दिसेनाशी होणारी. पैठणचा नाथसागर भरलेला असताना धरणाच्या भिंतीवरून जसा पल्याडचा काठ सापडत नाही, तशी नजर हरवते. आईने हात जोडले. आप्पांनी मात्र शेतकऱ्याचा प्रश्न विचारला: हे पाणी जातं कुठं? रोन नदीला जातं. आणि खाली व्हाले प्रांतात डोंगरउतारांवरून पाट काढून हे बर्फाचं पाणी शेताशेतांत फिरवायची रीत शतकांपासूनची आहे, गावकरी मिळून पाळ्या लावतात. पांझरेच्या काठी धुळ्याकडे फड पद्धत आहे ना, तीच जात! आप्पांचा चेहरा एकदम उजळला. पण ही हिमनदी दरवर्षी आखडते आहे. पूर्वी बर्फ कुठवर होता त्याच्या खुणा कडेच्या खडकांवर उघड्या पडल्या आहेत. त्या पाहिल्यावर ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मराठवाड्यातल्या माणसाला आटणारं पाणी दुरूनही ओळखू येतं.

आमच्याकडे पोळा होऊन गेला होता आणि इथे गायी डोंगरावरून उतरत होत्या. उन्हाळाभर वरच्या कुरणांत चरलेला कळप सप्टेंबरात खाली येतो, आणि येतो तो नटून! आधी नुसता नाद. घणघण, घणघण, अख्खी दरी वाजते आहे. मग वळणावर पहिली गाय. कपाळावर फुलांचा मुकुट, लाल, पिवळा, जांभळा, वर पाइनची फांदी. गळ्यात कासंडीएवढी घंटा, चामड्याच्या रुंद पट्ट्यावर भरतकाम केलेलं. तांबड्या-पांढऱ्या अंगाची, भरल्या कासेची, दिमाखात डुलत येणारी. मागे भरतकामाचे काळे कोट घातलेले गवळी. बाशिंगं बांधलेली, शिंगं रंगवलेली बैलजोडी वेशीतून येते तेव्हा आमच्याकडे हेच तर असतं! फक्त तिथे मान बैलाचा, इथे गायीचा. आप्पा काठी टेकत थेट रस्त्याच्या कडेला. घंटा हाताने तोलून पाहिली. गवळी त्यांच्याच वयाचा, गालांवर उन्हाने भाजलेली लाली. दोघांना एकमेकांची भाषा येत नव्हती आणि त्याने काही अडलं नाही. आप्पांनी बोटांनी विचारलं, दूध किती? त्याने बोटांनी सांगितलं. आप्पांनी चारा विचारला. त्याने हाताला धरून गोठ्यात नेलं आणि छतापर्यंत रचलेलं वाळलं गवत दाखवलं. आप्पांनी मूठभर घेऊन हुंगलं, काडी मोडून पाहिली.

"गंधीलं हाय," ते म्हणाले. "आपल्या कडब्याला असा वास न्हाई."

आई बाहेरून हाका मारत होती. तिला अल्मेंडहुबेलला जायचं होतं. गावाच्या मधूनच एक ट्रॉली सुटते, १९१२ पासूनची, आणि १९०७ मीटरवरच्या फुलांच्या कुरणात नेऊन सोडते. वणीला सप्तशृंगीच्या गडावर २०१८ मध्ये अशीच ट्रॉली सुरू झाली तेव्हा आईने कित्येक वर्षांनी देवीचं दर्शन घेतलं होतं, त्यामुळे हे यंत्र तिच्या ओळखीचं. आप्पांनी गोठ्यातूनच हात केला: "तू हो पुढं, मला अजून वासरं पाह्यचीत."

मी निघायच्या बेतात होतो, तर आईने मला थांबवलं. "तू बस त्यांच्यापाशी. मी जाते की." पदर खोचला, काठी घेतली, आणि चालायला लागली. एक बाक, दुसरा बाक, स्टेशन. तिकीट दाखवलं, मागच्या डब्यात जागा धरली, शेजारच्या आजीला कसलासा प्रश्न विचारला आणि दोघी हसल्या. ट्रॉली हलली. कळसूबाईच्याही वर निघालेली माझी आई खिडकीतून जोरजोरात हात हलवत होती.