भाल्या ऊटीला जातो

मे महिन्यात ऊटीला निघालेल्या माणसाला सोलापुरात कोणी कारण विचारीत नाही. बेचाळीस अंशांवर गेलेला पारा हेच कारण पुरेसे असते. आम्हाला मात्र सारी पेठ कारण विचारीत होती. कारण आमच्या प्रवासाच्या यादीत पहिले नाव माणसाचे नसून कुत्र्याचे होते. "कुत्र्याला हवा बदलायला सांगितलीय का डॉक्टरांनी?" असे शेजारच्या वकीलसाहेबांनी अत्यंत गंभीर चेहऱ्याने विचारले. प्रदर्शनाला नेतो आहोत म्हटल्यावर ते आणखीच गंभीर झाले.

ऊटीच्या सरकारी उद्यानातले पुष्पप्रदर्शन सर्वांना ठाऊक असते. त्याच मोसमात तेथे साउथ इंडिया केनेल क्लबचे श्वानप्रदर्शन भरते, हे आपल्याकडे फारसे कोणाला माहीत नाही. ही प्रदर्शनांची हौस मुळात इंग्रजांची. १८५९ साली न्यूकॅसलला पहिले गाजलेले प्रदर्शन झाले, तेव्हा शिकारीच्या दोनच जातींची साठेक कुत्री आली होती आणि बक्षीस म्हणून बंदुका दिल्या होत्या. साहेब गेला, बंदुका गेल्या, पण निलगिरीवरचा हा कुत्र्यांचा मेळा राहिला.

आमचा भाल्या कारवान जातीचा. सोलापूर, जत, मंगळवेढा या मुलखात धनगराच्या वाड्यावर जे उंच, सडसडीत, पोट पाठीला लागलेले आणि लांब तोंडाचे कुत्रे दिसते, तेच हे. कृष्णेपलीकडे त्याला मुधोळ म्हणतात. मुधोळच्या संस्थानिकांनी त्याला नावारूपाला आणले. हे दोन्ही एकच की वेगळे, यावर जाणकारांत जो वाद चालतो तो मी पानाच्या दुकानापासून केनेल क्लबाच्या कचेरीपर्यंत ऐकला आहे आणि दोन्हीकडे त्याचा दर्जा सारखाच आहे. सरकारने २००५ साली मुधोळ कुत्र्याचे टपाल तिकीट काढले, पुढे लष्कराने काही पिल्ले मेरठला शिकवायला नेली. पण खरी गोष्ट अशी की, १९७२ च्या वन्यजीव कायद्याने शिकार बंद झाली आणि सशामागे वाऱ्यासारखे धावण्यासाठी शतकानुशतके जोपासलेले हे कुत्रे बेकार झाले. आता वंश टिकायचा तर तो कागदावर चढला पाहिजे, आणि कागदावर चढायचा एक रस्ता प्रदर्शनाच्या मैदानातून जातो.

भाल्याच्या आईबापांना कागद ठाऊक नव्हता. मंगळवेढ्याच्या बाजूच्या एका धनगर मामांनी तो दोन महिन्यांचा असताना आमच्या सौ.च्या ओटीत घातला, तो एका अटीवर: "साखळीला बांधायचा न्हाई. रोज पळवायचा." ही अट सौ.नी इतकी पाळली की, पहाटे साडेचारला होटगी रस्त्यावर तिच्यामागून सायकल हाणता हाणता माझे वजन सहा किलोंनी उतरले.

वंशावळ नसलेल्या देशी कुत्र्यांची परीक्षकांकडून तपासणी करून नोंद करण्याची सोय केनेल क्लब ऑफ इंडियाने ठेवली आहे. त्यासाठी थंडीत आम्ही पुण्याला गेलो. तांदळाच्या दाण्याएवढी चिप भाल्याच्या मानेच्या कातड्याखाली बसली, पंधरा आकडी नंबर मिळाला, नोंद झाली. पण तपासणाऱ्या गृहस्थांनी दात पाहायला हात पुढे करताच भाल्या अंग चोरून असा मागे सरकला की, दोरीसकट सौ. चार पावले फरफटल्या. शेवटी दात तिने स्वतः उघडून दाखवले. गृहस्थ भले होते. म्हणाले, "कुत्रा उत्तम आहे. पण रिंगणात मालकाने दात दाखवून भागायचं नाही. परीक्षकाचा हात सोसला पाहिजे. गुरगुरला तर बाहेर काढतील."

येथेच सगळी मेख होती. परक्याचा हात अंगाला लागू न देणे हा कारवानचा दुर्गुण नव्हे, तो त्याचा स्वभाव आहे. रात्री मेंढरांपाशी राहणारे कुत्रे येईल त्याच्याकडून पाठ थोपटून घेऊ लागले, तर धनगराने झोपायचे कसे? आणि प्रदर्शनात तर परीक्षक ओठ वर करून दात पाहतो, खांदा चाचपतो, पाठीवरून हात फिरवतो, नर असेल तर वृषणेही तपासतो. भाल्याने भाल्याच राहायचे आणि हे सगळे सोसायचे!

सौ.नी उपाय काढला तो घरगुती होता. रोज एक नवा हात. पहिला हात दूधवाल्याचा. त्याने यायचे, भाल्याकडे न पाहता उभे राहायचे, हाताची पाठ हुंगू द्यायची, छातीला बोट लावायचे आणि जायचे. बोट लागल्याक्षणी भाल्याच्या तोंडात उकडलेल्या कोंबडीच्या काळजाचा तुकडा. दुसऱ्या दिवशी इस्त्रीवाला. मग विजेचे मीटर पाहणारा, मग कुरिअरचा मुलगा, मग माहेरवाशीण म्हणून आलेल्या शेजारच्या ताई. काळजाच्या वासाने आमच्या शाकाहारी स्वयंपाकघराची जी दशा झाली, तिच्याबद्दल आईने महिनाभर मौन पाळले, आणि आईचे मौन हे बोलण्यापेक्षा महाग असते. तरी अखेरीस तिनेच भजनी मंडळातल्या आठ बायका ओळीने अंगणात उभ्या केल्या. "खंडोबाचं वाहन घोडा असलं, तरी पुढे चालतं ते कुत्रंच," असे त्यांना बजावले. आठही जणींनी भाल्याच्या छातीला हात लावून तो आपल्या कपाळाला लावला. परीक्षेची तालीम म्हणून हे कितपत शास्त्रशुद्ध होते कोण जाणे, पण भाल्या हलला नाही.

बाकीची तयारी त्यामानाने सोपी होती. कारवानला केस जवळजवळ नसतातच, तेव्हा ओल्या फडक्याने पुसले, नखे कापली की शृंगार संपला. चालणे मात्र शिकावे लागते, आणि ते कुत्र्याला नव्हे, माणसाला. कुत्रा डाव्या हाताला, परीक्षक आतल्या बाजूला. त्याची आणि कुत्र्याची नजरानजर अडवणारे आपले पाय मध्ये येता कामा नयेत. सरळ जाऊन परत यायचे, मग त्रिकोणात धावायचे, मग गोल. कुत्र्याने दुडक्या चालीने जायचे, उधळायचे नाही. शाळेच्या मैदानावर चुन्याने त्रिकोण आखून सौ. कॅनव्हासचे बूट घालून धावू लागल्या, तेव्हा क्रिकेट खेळणारी पोरे खेळ थांबवून बघत बसली. मी मध्ये उभा राहून परीक्षक होत असे. लग्नानंतरच्या बावीस वर्षांत सौ.ला "पुन्हा एकदा धावून दाखवा" असे म्हणण्याची संधी मला तेवढीच मिळाली.

आम्ही मोटारीने गेलो. सोलापूर ते ऊटी आठशे किलोमीटरच्या वर अंतर आहे. पहाटे चारला निघून उन्हे तापायच्या आत विजापूर मागे टाकले, कोल्हारला कृष्णा ओलांडली, होस्पेटला तुंगभद्रेच्या अलीकडे झाडाखाली दुपार काढली आणि रात्री चित्रदुर्गाला मुक्काम केला. कुत्र्याला खोलीत घेणारे लॉज शोधण्यात जो तास गेला त्याचे वर्णन नको. दुसऱ्या दिवशी श्रीरंगपट्टण, म्हैसूर, गुंडलुपेट करीत बंदीपूरच्या जंगलात शिरलो. या रस्त्यावर रात्री नऊ ते सकाळी सहापर्यंत खाजगी गाड्यांना बंदी आहे, आणि दिवसाही मध्येच थांबायची मनाई.

तेथे एक गोष्ट घडली. रस्त्यापासून वीस-पंचवीस हातांवर चितळांचा कळप चरत होता. मागच्या आसनावर झोपलेला भाल्या केव्हा उठला कळले नाही. काचेला नाक न लावता, न भुंकता, तो नुसता उभा होता. नखशिखांत थरथरत होता. ही कुत्री वासावर नव्हे, नजरेवर शिकार करतात. सौ.नी त्याच्या मानेवर हात ठेवला. तिच्या हाताची त्याला जाणीवसुद्धा नव्हती. कळप दिसेनासा झाल्यावरही मैलभर तो तसाच उभा राहिला. गाडीत कोणी काही बोलले नाही.

गुडलूरहून घाट चढू लागलो तशी हवा बदलली. निलगिरीत यायला २०२४ पासून ई-पास काढावा लागतो आणि प्लास्टिकच्या बाटल्या चालत नाहीत. नाक्यावरच्या शिपायाने पास पाहिला, डिकी पाहिली, मग भाल्याकडे पाहून काहीतरी तामीळमध्ये विचारले. आम्ही "कारवान" म्हटले. तो मान हलवून म्हणाला, "राजपाळयम?" त्याच्या मुलखातले उंच कुत्रे ते! आम्हीही मान हलवली. सात हजार फुटांवर संध्याकाळी पाऊस पडून गेला होता आणि सोलापूरचा बिनकेसांचा कुत्रा कुडकुडू लागला. मामांनी निघताना दिलेल्या जुन्या घोंगडीची झूल सौ.नी शिवून आणली होती, ती कामी आली. उटकमंड या नावातला 'मंड' म्हणजे तोडा लोकांची वस्ती, म्हशी पाळणाऱ्यांचा वाडाच म्हणा. घोंगडी पांघरून भाल्या गावात शिरला तो अगदीच परक्या ठिकाणी शिरला असे म्हणता येणार नाही.

प्रदर्शन सरकारी कला महाविद्यालयाच्या मैदानावर. याच आवारात जॉन सलिव्हनने दोनशे वर्षांपूर्वी बांधलेले 'स्टोन हाउस' आहे, ऊटीतला साहेबाचा पहिला बंगला. सकाळी मैदानावर गेलो आणि मला क्षणभर आपण एखाद्या लग्नाच्या जानोशात आल्यासारखे वाटले. तंबू, खुर्च्या, थर्मास, आणि जिकडेतिकडे केशरचना. एका मेजावर पूडल उभे होते. दोघे जण त्याच्या केसांतून कंगवा आणि तिसरा गरम हवेचे यंत्र फिरवीत होता. शित्झू जातीच्या एका चिमुकलीच्या डोक्यावर कागदी पट्ट्यांत गुंडाळलेल्या बटा होत्या, आणि तिचे मालक पोलीस अधिकाऱ्यासारखे दिसणारे मिशाळ गृहस्थ होते. जर्मन शेफर्डवाल्यांचा एक मोठा गट होता. ते एकमेकांशी कमी आणि कुत्र्यांशी जास्त बोलत होते. पगारी हँडलर कोटाच्या खिशात कंगवा खोचून या रिंगणातून त्या रिंगणात धावत होते. आमच्या शेजारी शिवकाशीकडची एक शेतकरी मंडळी पांढरेशुभ्र राजपाळयम घेऊन बसली होती. भाषा एकमेकांची येत नव्हती, पण त्यांनी इडली दिली, आम्ही शेंगाचटणी दिली. त्यांनी चटणी चाखली आणि डोळे पुसत पसंतीची मान हलवली.

कारवान तीन होती. परीक्षक पांढऱ्या केसांच्या एक बाई होत्या. दंडावर क्रमांक लावून सौ. तिसऱ्या जागी उभ्या राहिल्या, आणि मी दोरीच्या बाहेर, दोन्ही हात पाठीमागे घट्ट धरून. पहिला कुत्रा बाईंनी हात लावताच खाली बसला. दुसरा, कर्नाटकातून आलेला एक भरदार नर, खांबासारखा उभा राहिला. मग बाई भाल्यापुढे आल्या. त्या वरून वाकल्या नाहीत. थोड्या बाजूला थांबल्या, हाताची पाठ पुढे केली, छातीला बोटे लावली. अगदी आमच्या दूधवाल्यासारखी! भाल्याच्या पाठीवरून एक लहर गेलेली मला बाहेरून दिसली. कान मागे गेले. ओठ उचलला, दात पाहिले, खांदा, पाठ, मांड्या. सौ.च्या खिशात काळीज होते, पण तिचा हात खिशाकडे गेला नाही; ती नुसती त्याच्याकडे पाहात होती आणि तो तिच्याकडे. बाईंचा हात मांडीवर जरा जास्त थांबला. त्यांनी इंग्रजीत विचारले, "याला रोज धावू देता?" सौ. म्हणाल्या, "रोज." बाई म्हणाल्या, "कळतं हाताला."

मग धावणे झाले. त्रिकोणाच्या दुसऱ्या कोपऱ्यावर भाल्या जरा उधळला, शाळेच्या मैदानापेक्षा हिरवळ मऊ लागली असावी. कर्नाटकचा नर पहिला आला, आणि तो यायलाच हवा होता; त्याची चाल पाण्यासारखी होती. भाल्याला दुसरा क्रमांक मिळाला. सौ.नी रिबन घेतली, बाहेर आल्या आणि माझ्याशी एक शब्दही न बोलता भाल्याच्या मानेत तोंड घालून गवतावर बसून राहिल्या. राजपाळयमवाल्यांनी टाळ्या वाजवल्या.

दुपारी मामांना फोन लावला. रानात रेंज मिळेपर्यंत तीनदा लावावा लागला.

"मामा, दुसरा नंबर आला!"

"म्हंजी म्होरं कोन पळालं?"

"पळायची शर्यत नव्हती मामा. नुसतं बघतात. हात लावून बघतात."

"मग नंबर कशाचा दिला?"

सौ.नी उंची, खांदा, दात, चाल असे सगळे समजावून सांगितले. मामा ऐकत होते. मग म्हणाले, "परक्या बाईला दात मोजू दिलं त्यानं?"

"दिले."

पलीकडे मेंढरांच्या गळ्यातल्या घंटा ऐकू येत होत्या. "बरं," मामा म्हणाले. "कागद झाला त्ये चांगलं झालं. आता मिरगाच्या अगुदर आठ दिस हितं आणून सोडा. आमची कुत्री माजावर येतीया. आन् रातीचं वाड्याला कोन हात लावंल त्याला लावू देतुया का, त्ये बी बघतो मी."

सौ.नी हो म्हटले. बंदीपूरचे फाटक नऊला बंद होते, म्हणून आम्ही चारलाच घोंगडी, रिबन आणि उरलेली चटणी गाडीत टाकून निघालो.