दोन घरं, एक कॅलेंडर



वेगळं झाल्यावर नवरा-बायकोचं नातं संपतं, पण आई-वडिलांचं संपत नाही. लग्न कसं टिकवायचं हे सांगायला आपल्या समाजात सगळे असतात. मोडल्यावर लेकराला दोघांनी मिळून कसं सांभाळायचं, यावर मात्र कुणी बोलत नाही. म्हणून आज लिहिते.

माझी लेक चौथीत आहे. ती माझ्याजवळ हातकणंगल्यात असते आणि एक आड एक शनिवार-रविवार सांगलीला बाबांकडे जाते. अशा घरांत सगळ्यात मोठा धोका असतो तो मूल निरोप्या होण्याचा. "बाबांना सांग, फी भरायचीय." "आईला सांग, या रविवारी जमणार नाही." कुठल्या निरोपानं कुणाचा चेहरा पडतो हे पोरांना लगेच कळतं. मग ती निरोप गाळायला लागतात आणि मनातलंही गाळायला लागतात.

हे टाळायला आम्ही फोनमधल्या फुकटच्या सोयीच वापरतो.

कॅलेंडर. गुगल कॅलेंडरमध्ये लेकीच्या नावानं वेगळं कॅलेंडर केलं आणि दोघांनाही त्यात बदल करता येईल असं ठेवलं. शाळेच्या परीक्षा, डॉक्टर, कुणाकडे कधी राहायचं, सगळं त्यात. एक लक्षात ठेवा: वाढदिवस एकदा टाकला की दरवर्षी आपोआप येतो, पण आपले सण तिथीनं येतात. दशलक्षण पर्व भाद्रपद शुद्ध पंचमी ते चतुर्दशी, म्हणजे इंग्रजी तारीख दरवर्षी वेगळी. नवीन पंचांग घरात आलं की मी पहिल्यांदा या तारखा भरते. दिवाळीचंही तसंच. अमावास्येच्या पहाटे निर्वाण लाडूला ती इथल्या मंदिरात, भाऊबीजेला सांगलीत चुलतभावांकडे. हे महिनोन्‌महिने आधी ठरलेलं असलं की ऐन सणात रडारड होत नाही.

खर्च. गुगल शीटमध्ये चार रकाने: तारीख, कशासाठी, किती, कोणी भरले. महिनाअखेरीस बेरीज करून फरक यूपीआयनं द्यायचा. कुणी आकडा बदलला तरी जुनी नोंद त्यात पाहता येते, त्यामुळे वाद राहत नाही.

कागदपत्रं. जन्मदाखला, लसीकरणाचं कार्ड, प्रगतिपुस्तक ड्राइव्हच्या एका फोल्डरमध्ये. फोल्डर फक्त दोघांच्या ईमेलवर उघडा ठेवा. "लिंक असेल त्या कुणालाही" हा पर्याय नको.

व्हॉट्सअ‍ॅप. दोघांचाच ग्रुप. दोन्हीकडच्या आज्यांना, मामाला, आत्याला त्यात घ्यायचं नाही. प्रवासात तासाभरापुरतं लाइव्ह लोकेशन पाठवलं की "कुठे पोचलात?" असे फोन लागत नाहीत.

आता खरी अवघड गोष्ट. साधनं कुणीही शिकेल, पण राग आला की बोटं थांबत नाहीत. पाच समित्यांपैकी भाषा समिती मुनींसाठी सांगितली आहे, पण फोन हातात असलेल्या आईलाही ती लागू पडते. हित, मित, प्रिय. मेसेज लेकीच्या हिताचा आहे का? दोन ओळींत बसतो का? तिनं मोठेपणी वाचला तर तिला वाईट वाटेल का? तिसऱ्या प्रश्नाशी माझे बरेच मेसेज अडतात आणि मी ते पुसते.

जेवणाचा प्रश्न तुम्ही विचारणारच. इथे सूर्यास्ताआधी जेवण, कंदमूळ नाही. तिकडे बाबांची ड्युटी संपेपर्यंत रात्र होते. दशलक्षणात नियम दोन्ही घरी पाळायचा, एवढंच आम्ही लिहून ठरवलं. बाकी दिवशी तिकडे काय खाल्लंस हे मी विचारत नाही. परत आलेल्या लेकराची झडती घेतली तर ते खोटं बोलायला शिकेल, आणि बटाट्यापेक्षा ते वाईट.

कायद्याचंही थोडं. हिंदू विवाह कायदा, 1955 आपल्या जैनांनाही लागू आहे. त्याच्या कलम 26 खाली मुलांचा ताबा, खर्च आणि शिक्षण यांबद्दल कोर्ट आदेश देतं. 1956 च्या पालकत्वाच्या कायद्यात मुलाचं हित सगळ्यांत वर आहे. फोनवर ठरलेलं म्हणजे कोर्टाचा आदेश नव्हे, म्हणून मुख्य अटी वकिलाकडून लिहून घेऊन कोर्टात दाखल करा. 1987 च्या विधी सेवा कायद्यानुसार बाईला उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो.

आणि जिथे मारहाण किंवा धमकी आहे, तिथे यातलं काहीच करू नका. लोकेशन तर मुळीच पाठवू नका. आधी 181 लावा.

बाकीच्यांनी आज रात्री एवढंच करा: कॅलेंडर उघडा आणि पुढच्या दोन महिन्यांचे शनिवार-रविवार भरा. दप्तर कुठल्या घरी न्यायचं हे लेकराला आधीच माहीत असलं की त्याचं अर्धं ओझं उतरतं.