दिग्व्रत आणि शाळेचा नकाशासंग्रह



नकाशा आपण बघतो तो कुठंतरी जायचं असलं की. कुंथलगिरीला निघालो की फोन सांगेल तिकडं गाडी वळवायची, एवढाच आपला संबंध. आमच्या घरात मात्र नकाशाचा सगळ्यात मोठा उपयोग झाला तो कुठवर जायचं नाही हे ठरवायला. सासूबाईंनी दिग्व्रत घ्यायचं मनात आणलं, त्या चातुर्मासातली ही गोष्ट.

दिग्व्रत हे पहिलं गुणव्रत. दहा दिशांना जन्मभराची सीमा घालायची आणि तिच्यापलीकडे जायचं नाही. सीमेबाहेरच्या सगळ्या जगापुरती आपली हालचाल, आपला व्यवहार, त्यातून होणारी हिंसा थांबते. स्वाध्यायात हे कितीदा ऐकलंय, पण सीमा म्हणजे नेमकी कुठली हे विचारलं की आपण "भारताबाहेर जाणार नाही" म्हणून मोकळ्या होतो. समंतभद्र आचार्यांनी रत्नकरंड श्रावकाचारात सांगितलंय की सीमा समुद्र, नदी, अरण्य, पर्वत, देश, योजनं अशा प्रसिद्ध खुणांनी ठरवावी. म्हणजे सगळ्यांना ठाऊक असलेली, बोट ठेवून दाखवता येईल अशी खूण. सासूबाई म्हणाल्या, "मग बोट ठेवायला काहीतरी आण." मी मुलाच्या दप्तरातला नकाशासंग्रह आणि पट्टी आणली.

पहिला धक्का तिथंच बसला. आपण सगळ्या शिखरजी "पूर्वेला" म्हणतो. सांगलीवर पट्टी ठेवून सरळ पूर्वेला गेलं तर काकीनाडा येतं! शिखरजी आपल्याला ईशान्येला. गिरनार पश्चिमेला नाही, वायव्येला. सरळ पश्चिमेला रत्नागिरी आणि मग समुद्र, म्हणजे आचार्यांनी सांगितलेली पहिलीच खूण आपल्या दाराशी. सरळ उत्तरेला अजमेर, जिथं सोनीजींच्या नसियांत सोन्याची अयोध्या आहे.

दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. ईशान्येची सीमा त्यांनी आधीच मनात धरली होती, शिखरजी. वीस तीर्थंकर जिथून मोक्षाला गेले त्याच्यापुढे आणखी काय हवं? एका सेंटीमीटरला शंभर किलोमीटर या प्रमाणाने मोजलं तर शिखरजी साधारण साडेचौदा सेंटीमीटरवर आलं आणि चंपापुरी जवळजवळ सोळावर. वासुपूज्य भगवंतांची निर्वाणभूमी सीमेबाहेर राहत होती. त्या बराच वेळ गप्प बसल्या. मग म्हणाल्या, "चंपापुरी धर." तोंडी नियम घेतला असता तर हे कुणाच्याच लक्षात आलं नसतं.

दक्षिणेला कन्याकुमारी, उत्तरेला हस्तिनापूर, वायव्येला गिरनार. राहिली आग्नेय. तिकडे समुद्रापलीकडे सिंगापूर आणि सिंगापुरात आमच्या वन्सं. सासूबाईंनी सिंगापूर आत घेतलं. वर आणि खाली या दोन दिशा कुठल्याच नकाशात नसतात; त्या मी समासात लिहिल्या. वर प्रवासी विमान जाईल तेवढं, खाली विहिरीच्या तळापर्यंत. माताजींसमोर श्रीफळ ठेवून नियम झाला. नकाशावर लाल पेनने रेघ ओढून तो स्वयंपाकघराच्या दाराआड चिकटवला. तत्त्वार्थसूत्रात दिग्व्रताचे पाच अतिचार सांगितलेत, त्यातला एक स्मृत्यंतराधान, म्हणजे ठरवलेली मर्यादा विसरणं. ऐंशीला टेकलेल्या बाईसाठी भिंतीवरची लाल रेघ हा त्यावरचा साधा इलाज होता.

दोन वर्षांनी जावईबापूंची बदली नेदरलँडला झाली. वन्संना दिवस गेले होते, तेही खूप वाट बघून. आईनं बाळंतपणाला यावं, एवढंच त्यांचं म्हणणं. नेदरलँड वायव्येला, गिरनारच्या कितीतरी पलीकडे.

घरात आठवडाभर हाच विषय. यांच्या आत्याबाईंनी तोड काढली, "सिंगापूर आता लागत नाही ना? तेवढं आग्नेयेचं कमी करा आणि वायव्येला वाढवून घ्या. हिशोब बरोबर." ऐकायला इतकं सोपं वाटत होतं, की हेसुद्धा मान हलवायला लागले. सासूबाई उठून दाराआडच्या नकाशापाशी गेल्या. म्हणाल्या, "एकीकडची कमी केली म्हणून दुसरीकडची वाढवलेली वाढत नाही का?" क्षेत्रवृद्धी हाही त्या पाचांतलाच अतिचार.

मला तेव्हा त्यांचा राग आला होता, हे लिहायलाच हवं. व्रतं घरच्यांना रडवण्यासाठी नसतात असं माझं मत आहे आणि ते बदललेलं नाही. वन्सं फोनवर रडल्या ते मी ऐकलंय. पण त्या रात्री सासूबाईही झोपल्या नव्हत्या, तेही मी पाहिलंय. रेघ पुसायला एक ओला बोळा पुरला असता. शेवटी वन्संच पाचव्या महिन्यात येऊन दीड महिना राहून गेल्या आणि बाळंतपणाला त्यांच्या सासूबाई गेल्या. नातू नऊ महिन्यांचा झाल्यावर इथं आला. मधला काळ कठीण गेला, तो मी गोड करून सांगणार नाही.

मला स्वतःला जन्मभराची रेघ अजून झेपणारी नाही. मी दशलक्षणात दहा दिवसांचं देशव्रत घेते. त्याला घर, गल्ली, गाव, नदी अशा जवळच्या खुणा चालतात, म्हणून मुलांकडून सांगलीचा हातानं नकाशा काढून घेते. एका बाजूला कृष्णेवरचा आयर्विन पूल, मिरजेच्या बाजूला विश्रामबाग, मध्ये मंदिर, भाजी मंडई, शाळा. यात एक गंमत आहे. देशव्रताचा पहिला अतिचार आनयन, सीमेबाहेरची वस्तू मागवून घेणं. फोनवर काही मागवलं की तो छोटा नकाशा दिसतो ना, ज्यावर आपली वस्तू घेऊन येणारी गाडी सरकत असते? गेल्या भाद्रपदात धाकटीने तो बघितला आणि ओरडली, "आई, ही गाडी पुलापलीकडनं येतीय!" मागवलं होतं यांनी, स्वतःसाठी. यांचं व्रत नव्हतं, त्यामुळे चाललं.

तुम्ही घेणार असाल तर सीमा पेन्सिलीने काढू नका. आणि शेजारी तारीख, किती दिवसांचा नियम तेही लिहा. आमच्याकडे या वर्षीचा कागद तयार आहे, फक्त धाकटीला तिच्या मैत्रिणीची गल्ली आत हवी आहे, त्यावर बोलणी चालू आहेत.